दोन्या ओदिलियाची सशांची शाळा

सशाचे कान धरून त्याला उचलणारा माणूस दोन्या ओदिलियाच्या अंगणात दुसऱ्यांदा पाऊल टाकायला धजत नसे. एकदा पंचायतीच्या कारकुनानं गमतीगमतीत एक पांढरा नर कानांना धरून लोंबता केला आणि "हा काय खातो?" म्हणून विचारलं. ओदिलियानं शांतपणे ससा त्याच्या हातून काढून घेतला, मग त्याचाच कान धरला आणि त्याला फाटकापर्यंत नेऊन सोडलं. "आता तू सांग, तुला काय खायाला आवडंल?" तेव्हापासून सान्तियागो गावात लहानथोर सगळे ससा उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालतात. कारकूनसुद्धा.

दोन्या ओदिलिया, म्हणजे ओदिलियाबाई, मुळात या डोंगरगावची नव्हे. खाली कुआउत्लाकडच्या उसाच्या मुलखातली. सतराव्या वर्षी उल्फ्रानोचा हात धरून ज्वालामुखीच्या या अंगाला आली, तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात थंडीनं तिचे ओठ फुटले. सासूकडं डुकरं होती. डुकरांचं आणि तिचं पटलं नाही. सासूचं आणि तिचं त्याहून कमी पटलं. मग एके वर्षी सरकारी जीपमधून एक साहेब आला, घरटी तीन माद्या आणि एक नर वाटून, फोटो काढून निघून गेला. महिनाभरात गावानं ते सगळे ससे सुक्या मिरचीच्या रश्श्यात घालून संपवले. ओदिलियानं आपले ठेवले. सासू म्हणाली, "उंदरं पाळतीया." त्याच सासूला शेवटच्या आजारपणात सशाच्या मांसाच्या पाण्याशिवाय काही पचेना, आणि ते ओदिलियानं चमच्यानं पाजलं. पाजताना एवढंच म्हणाली, "उंदराचं हाय. सांभाळून."

ते पहिले ससे येऊन सदतीस वर्षं झाली. दोन मुलगे पुएब्लाला ट्रक चालवायला गेले, उल्फ्रानोचे गुडघे गेले, पण ससे राहिले. लग्न असो, बाप्तिस्मा असो, कुणाचं बाळंतपण असो, ससा हवा म्हटलं की लोक ओदिलियाच्या फाटकावर टकटक करायचे. ज्याला पाळायची हौस त्याला ती आपल्यातली एखादी मादीही द्यायची. गावातल्या निम्म्या खुराड्यांत तिच्याच सशांची लेकरं-नातवंडं होती.

आणि तिची सगळी कीर्ती होती ती 'शाळे'मुळं. मागच्या भिंतीला लागून, आवोकाडोच्या झाडाखाली, उल्फ्रानोनं दगड रचून एक मोठं कुंपण केलं होतं. खाली माती, मातीवर पेंढा. पिल्लं पाच आठवड्यांची होऊन आईच्या अंगावरून तुटली की सगळ्या विणींची पिल्लं त्यात एकत्र सोडायची. त्यांच्यावर देखरेखीला एक म्हातारी करडी मादी. विणीचं वय कधीच सरलेलं, एक कान फाटलेला, नजर तापट. तिचं नावच मास्तरीण.

"आयपासनं तुटलेलं लेकरू येकटं पडलं की मनात भ्या धरतंय," ओदिलिया सांगायची. "कुनीतरी जाणतं मानूस जवळ पायजे."

पहाटे मक्याच्या बांधावरचं दवानं भिजलेलं गवत आणि लसूणघास कापून आणायची, शाळेत मातीवर पसरायची आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. पन्नास तोंडं एकदम कुरुकुरु चालायला लागली की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते उल्फ्रानोनं लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. दुसऱ्यांकडचे ससे जाळीच्या पिंजऱ्यात वाढलेले, मऊ, भांड्यात विरघळणारे. ओदिलियाचा ससा मातीवर धावलेला. तो चावून खावा लागायचा, आणि चव त्यातच होती.

त्या वर्षी मारिसेलाचं लग्न ठरलं. मारिसेलाला बाप्तिस्म्याच्या वेळी ओदिलियानं हातांवर घेतलं होतं, त्यामुळं ती मारिसेलाची मद्रीना, म्हणजे देवासमोर मानलेली आई. आणि मारिसेलाची खरी आई चोले ही त्या नात्यानं ओदिलियाची कोमाद्रे, म्हणजे त्याच लेकीची दुसरी आई. या दोघींची घरं एकाच बोळात, भांडणं आठवड्याला एक आणि समेट त्याच दिवशी.

लग्नाचा भार इथं एका घरानं उचलायचा नसतो. एकजण केक देतो, एकजण बँड, एकजण अंगठ्या, कुणी नवरीचे बूट. पण जेवण देणारीचा मान सगळ्यांत वरचा. चोले विचारायला आली तेव्हा ओदिलियानं तिला विचारूही दिलं नाही.

"सप्टेंबरच्या पयल्या शनवारी," ओदिलिया म्हणाली. "दीडशे ताटं. आन परत्येक ताटात ससा. लिहून ठिव."

"कोमाद्रे, टर्कीबी चालंल. दीडशे ताटं म्हंजी..."

"म्हंजी चाळीस ससं. येकाची चार ताटं. हिशेब मला शिकवू नगंस, आन टर्कीचं नाव माज्या अंगनात काढू नगंस."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिनं सहा माद्या नराला दाखवल्या. जूनमध्ये सहाही व्याल्या. जुलैच्या मध्याला शाळेत चव्वेचाळीस पिल्लं होती. चार जास्त, कारण देवाघरचंही काही सांगता येत नाही.

पंचवीस जुलैला सान्तियागोची जत्रा भरली. त्या साली दारूकामाचा मान उल्फ्रानोकडं आला होता. चाळीस वर्षं तो या मानाची वाट बघत होता. पहाटे चारपासून त्यानं बाण सोडायला सुरुवात केली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कुत्री पलंगाखाली गेली, कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं, आणि ज्वालामुखीनंही या गावाशी बरोबरी नको म्हणून त्या दिवशी धूर सोडला नाही, असं लोक म्हणाले.

सत्तावीस तारखेला सकाळी शाळेत तीन पिल्लं मेलेली होती.

"म्हाताऱ्या, भायेर ये," ओदिलियानं हाक मारली. "बघ तुज्या बाणांनी काय केलंय."

उल्फ्रानो टोपी सावरत आला. "बाण वर गेलं व्हतं, ओदिलिया. वर. ससं खाली हायेत."

"आन आवाज? त्यो काय ढगात ऱ्हायला?"

धसका माणसालाही बसतो आणि जनावरालाही, हे त्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक. धसक्यानं जीव अंगातून निसटतो, मग खाणं सुटतं, अंग वाळतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली. जी जिवंत होती त्यांतलीही काही पाठ वर काढून कोपऱ्यात बसत, दात करकर वाजवत. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, पाठीचे मणके मात्र बोटांनी मोजावेत असे. मागचे पाय घाणीनं बरबटलेले.

ओदिलियानं नवऱ्याशी बोलणं बंद केलं. त्याला जेवण वेळेवर मिळे, रश्श्यात मीठही बरोबर असे, पण शब्द एक नाही. काही सांगायचं झालंच तर ती मास्तरणीला सांगे.

"मास्तरीण, त्या बाणवाल्याला सांग, त्याचा सदरा दोरीवर वाळलाय."

"मास्तरीण," उल्फ्रानोही अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून म्हणे, "तिला सांग, बाणवाल्याला चश्मा घावंना झालाय."

धसका काढण्यात चोलेचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. ती अंडं, पिरूलाच्या झाडाची डहाळी आणि उसाच्या दारूची बाटली घेऊन आली. बाटलीतला एक घोट तोंडात घेऊन तिनं शाळेवर फवारला, एक गिळला, आणि मग एकेका पिल्लाला मांडीवर घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत अंडं फिरवलं. एकोणचाळीस पिल्लं. दुपार टळून गेली. मास्तरणीनं मात्र तिच्या मनगटाला चावा घेतला.

शेवटी चोलेनं अंडं पेल्यातल्या पाण्यात फोडलं आणि उजेडात धरलं. "ह्ये बघ. पांढरी तार वर चढलीया. धसकाच."

"अंड्यात पांढरं असनारच की," उल्फ्रानो लांबून पुटपुटला.

"मास्तरीण, त्याला सांग, त्याला कुनी इचारलं न्हाई!"

तीन दिवस ओळीनं उतरवणं झालं. ओदिलियानं त्यांना जास्तच जपलं. ओलं गवत जास्त घातलं, रात्रीची थंडी लागू नये म्हणून जुन्या पेंढ्यावर नवा पेंढा घातला आणि मास्तरणीच्या पाठीवरून हात फिरवून तिला सांगितलं, "सांभाळ गं पोरांना." पाऊस रोज दुपारी येत होता. पिल्लं रोज जात होती. दोन, एक, तीन. ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला आणि एकोणतीस राहिली. ओदिलिया रोज सकाळी शाळेत जाई. मोजायची आणि पुन्हा मोजायची. लग्नाला पाच आठवडे. दीडशे लोक. तिच्या आयुष्यात दिलेला शब्द परत घ्यायची वेळ आली नव्हती, आणि ती आता नेमकी मारिसेलाच्या लग्नात येणार होती.

तिच्या मनात खटका पडला तो सोमवारी. फाटकाजवळ, पत्र्याच्या छपराखाली, सहा माद्या आपापल्या जाळीच्या पिंजऱ्यात होत्या. रस्त्याच्या अगदी कडेला. उल्फ्रानोनं बाण सोडले ते त्यांच्या पिंजऱ्यांपासून दहा पावलांवर. त्यांतली एक तर जत्रेच्या दिवशीच पुन्हा व्याली होती, आणि तिची पिल्लं गुबगुबीत, कापसाच्या बोंडांसारखी. धसका बसायचा तर आधी तिला बसायला हवा होता.

ओदिलियानं त्या सकाळी मेलेलं पिल्लू घेतलं, फळीवर ठेवलं आणि सुरीनं उभं चिरलं. कलेजीवर खसखस पेरल्यासारखे पांढरे ठिपके होते. असे ठिपके तिनं याआधीही पाहिले होते. वर्षाला दोन-चार सशांत निघायचे. धसक्याची खूण म्हणून ती कलेजी बाजूला फेकायची आणि बाकीचा ससा भांड्यात घालायची. सदतीस वर्षं फेकत आली होती.

मंगळवारी ओसुम्बाचा बाजार. रात्री मेलेलं एक आणि एक आजारी पिल्लू टोपलीत, वर फडकं, फडक्यावर चार टोमॅटो, अशी ती बसमध्ये बसली. बाजाराच्या टोकाला चाऱ्याचं दुकान होतं. तिथं यादिरा नावाची एक तरुण डॉक्टरीण बसे. ओदिलियानं तिच्याकडून आजवर फक्त मीठ आणि मका घेतला होता.

यादिरानं आजारी पिल्लाच्या लेंडीतली चिमूटभर पाण्यात कालवली, काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकात पाहिली. मग उठून ओदिलियाला स्टूलवर बसवलं.

"बघा दोन्या. काय दिसतंय?"

ओदिलियानं एक डोळा मिटला, मग दुसरा, मग बरोबर तो मिटला. "गोल गोल... अंडी हायेत ही!"

"तसंच समजा. याला कॉक्सिडिओसिस म्हणतात. पोटात आणि कलेजीत वाढणारा बारीक जीव. त्याची ही अंडी लेंडीबरोबर बाहेर पडतात. ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत पिकतात. मग ती तोंडावाटे ज्याच्या पोटात जातील तो आजारी. पिल्लं कुठं असतात तुमची? पिंजऱ्यात?"

"पिंजऱ्यात कशाला? जमिनीवर. मोकळी," ओदिलिया मान ताठ करून म्हणाली.

"मातीवर?"

"मातीवर. पेंढा हाय वर."

"पेंढा बदलता?"

"नवा घालती. जुन्यावर."

"आणि चारा?"

"पहाटंचा. दवातला." तिचा आवाज थोडा उतरला. "तितंच पसरती. मातीवर."

"सगळ्या विणींची पिल्लं एकत्र? मोठा ससा कुणी असतो त्यांच्यात?"

ओदिलियानं टोपलीतला एक टोमॅटो उचलला, पुसला आणि पुन्हा ठेवला. "मास्तरीण," ती म्हणाली.

"कोण मास्तरीण?"

"म्हातारी मादी हाय. गुनाची. कधी शिंकलीबी न्हाई. जत्रंच्या धा दिस आदी पिल्लं तिच्याकडं शाळंत घातली. आमी म्हनलं, जत्रंतल्या बाणांचा धसका."

"ती नाहीच आजारी पडणार. लहानपणी झेलून बसलीय, अंगाला सवय झाली. पण तिच्या लेंडीतून ही अंडी पडत राहतात. पिल्लं नुकती दूध तोडलेली असतात, त्यांना सवय नसते. जत्रेच्या दहा दिवस आधी शाळेत घातलीत ना? मग बाण नसते सुटले तरी ती त्याच आठवड्यात मेली असती."

ओदिलियाच्या डोळ्यांसमोर तिची बादली आली, तीवर बसलेली ती स्वतः, आणि भिजल्या गवतात तोंडं खुपसलेली पिल्लं. तिनं एवढंच विचारलं, "मानसाला हुतो का?"

"नाही. सशाचा सशालाच."

औषध पाण्यातून द्यायचं होतं. पाच दिवस, मध्ये चार दिवस खंड, मग पुन्हा दोन दिवस. यादिरानं कॅलेंडरवर बोट ठेवून बजावलं, शेवटच्या मात्रेनंतर तीन आठवडे त्या सशाचं मांस ताटात येता कामा नये. ओदिलियानं बोटांवर मोजलं. लग्नाला बरोब्बर तेवढेच उरत होते. एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही. "आठवडाभर आधी आला असतात तर..." डॉक्टरीण म्हणाली आणि पुढचं गिळलं. ओदिलियानं ऐकलं होतं. अंडं फिरवण्यात गेलेले दिवस तिचे तिनंच मोजले.

घरी आली तेव्हा उल्फ्रानो अंगणात मक्याची कणसं सोलत होता.

"म्हाताऱ्या, जाळी लागंल," ती म्हणाली. "लई लागंल. आन पत्रा. आन लाकडी पायं, गुडघ्याइतक्या उंचीचं."

उल्फ्रानोनं मान वर केली नाही. "कुनाशी बोलतीयास? मास्तरणीशी?"

"तुज्याशी बोलती."

"नऊ दिवस झालं. माजं नाव तरी घे."

"उल्फ्रानो," ती म्हणाली, आणि मग टोपली खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली. सगळं सांगून झालं तेव्हा त्यानं हातातलं कणीस उगाचच दुसऱ्यांदा सोललं. "म्हंजी बाणांचा काय संबंध न्हाई?"

"न्हाई."

"ह्ये सगळ्या गावात बोलशील?"

"आदी जाळी आन."

दोन दिवसांत जाळीच्या तळाचे आठ पिंजरे उभे राहिले. लेंडी खाली पडायची, चारा वर खुंटीला टांगायचा, वाळवून. शाळेतला पेंढा त्यांनी खड्ड्यात घालून जाळला. पाण्याची भांडी, दगड, बादली, सगळ्यावर उकळतं पाणी ओतलं. ओदिलियाच्या मनगटावर फोड आले. मास्तरणीला आवोकाडोच्या पलीकडं वेगळा पिंजरा मिळाला. तिनं पहिल्या रात्री मागच्या पायांनी इतका धडाधडा आवाज केला की चोलेच्या घरी ऐकू गेला. सकाळी ओदिलियानं तिच्यापुढं गाजर धरलं. मास्तरणीनं पाठ फिरवली. "बरूबर हाय तुजं," ओदिलिया म्हणाली, "मीच तुला नेमली व्हती." गाजर ठेवून गेली.

औषधाच्या पहिल्या चार दिवसांत आणखी चार गेली. पाचव्या दिवशी एकही नाही. सहाव्या दिवशी एका तपकिरी पिल्लानं जाळीतून तिच्या एप्रनची नाडी ओढून चघळली, आणि ती मुकाट्यानं उभी राहून त्याला चघळू देत राहिली.

तेवीस उरली.

आता चोलेकडं जायचं होतं, आणि तिथं पोचायला तिला बोळातली तीस पावलं पुरली नाहीत. दोनदा परत फिरली. चोले चुलीवर सुक्या मिरच्या भाजत होती, मारिसेला टेबलापाशी लग्नाच्या भेटीच्या पिशव्यांना रिबिनी बांधत होती. ओदिलियानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तेवीस ससे. आणि धसका नव्हे.

चोलेनं तवा खाली उतरवला. "म्हंजी माज्या आयची इद्या खोटी? त्या कालच्या पोरीनं काचंतनं बघितलं आन माजं अंडं नासकं?"

"तुजी इद्या खोटी न्हाई, कोमाद्रे. माजा नातू रातभर रडायचा, तू उतरवलंस आन झोपला. म्या बघितलंय. पर ह्यो धसका नव्हं. ह्यो माज्या हातचा घोळ. म्याच त्यांना घाणीत बसवून जेवू घातलं, आन वर लाडबी केलं."

मिरचीच्या धुरानं तिघींचे डोळे पाणावले होते, त्यामुळं कोण कशानं रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. मग चोले खाली बसली.

"माजी नऊ गेली," ती म्हणाली. "मागल्या खुराड्यातली. म्या रोज उतरवायची आन रोज मक्यात नेऊन पुरायची. जी सगळ्या गावाचा धसका काढती तिचीच ससं मरायला लागली, ह्ये कंच्या तोंडानं सांगू?"

"कुनाच्या पोटची व्हती?"

"तूच दिलेली करडी मादी. मास्तरणीची नात."

"अगं बया," ओदिलिया म्हणाली, आणि तीही खाली बसली.

मारिसेलानं रिबीन दातांनी तोडली. "मद्रीना, तेवीस सशांचं काय करायचं ते सांगा. टर्की मला नको."

"येका सशाची चार ताटं, म्हंजी ब्याण्णव," ओदिलिया मान खाली घालून म्हणाली. "बाकीच्यांना काय हात चाटाया लावू?"

"रस्सा का करायचा? पुरचुंड्या करा. घायपाताच्या पापुद्र्यात बांधून वाफवलेल्या. आजी करायची तशा."

ओदिलियाची मान वर आली. मागच्या तंगड्या दोन, पुढच्या दोन, पाठीचे दोन, बरगडीचा एक. "सात," ती म्हणाली. "संगट निवडुंगाची पट्टी आन बटाटा. तेवीस साते... येकशे येकसष्ट." मग चोलेकडं वळून म्हणाली, "मिरच्या करपवल्यास. पुन्यांदा भाज."

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून अंगणात तीन मोठाले डबे वाफ सोडत होते. मांसाला मिरचीचा लेप आदल्या दिवशीच लागला होता. बोळातल्या सगळ्या बायका पुरचुंड्या बांधायला आल्या, आणि बांधता बांधता ओदिलियाच्या कलेजीची, म्हणजे सशाच्या कलेजीची, चौकशी करून गेल्या. कलेज्या तिनं एकूणएक काढून जाळल्या होत्या.

मांडवात लोक पुरचुंडी सोडत, वाफ तोंडावर घेत आणि मग बराच वेळ बोलत नसत. ती शांतता ओदिलिया स्वयंपाकाच्या पडद्याआडून ऐकत होती. एवढ्यात कर्ण्यावरून बँडवाल्यानं मानकऱ्यांची नावं पुकारायला सुरुवात केली. केकचे, अंगठ्यांचे, बुटांचे. "आणि जेवणाची मद्रीना, दोन्या ओदिलिया!" टाळ्या झाल्या. अशा वेळी दोन आशीर्वादाचे शब्द बोलून खाली उतरायचं असतं. ओदिलियानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"पोरी, सुखी ऱ्हा," ती म्हणाली. "जावई, तूबी. आता बाकीच्यांनी ऐका. तुमच्यात ज्यांच्याकडं माज्या माद्या हायेत, त्यांनी पिल्लं मातीवर सोडू नगा. मोट्या सशात मिसळू नगा. त्यांच्या लेंडीत..."

"कोमाद्रे!" चोले खालून ओरडली. "लोक जेवत्यात!"

"जेवू देत! जेवताना ऐकलं की ध्यानात ऱ्हातंय. त्यांच्या लेंडीत रोगाची अंडी असत्यात. चारा ओला घालू नगा, खाली टाकू नगा. पिल्लं मेली तर ओसुम्ब्याला यादिरा डाक्टरणीकडं जावा, माज्यावानी आठ दिस वाट बघत बसू नगा. माजी येकवीस गेली. चूक माजी व्हती."

मांडवात हशा पिकला, मग कुजबुज, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आन जत्रंतलं बाण?"

"बाणांची चूक नव्हती," ओदिलिया म्हणाली. "उल्फ्रानोचीबी नव्हती."

उल्फ्रानो दुखऱ्या गुडघ्यांवर कसाबसा उभा राहिला, टोपी काढली आणि चारी दिशांना वाकून नमस्कार केला, जणू त्यालाच कुणीतरी निवडून दिलं होतं. बँडवाल्यांना काय करावं सुचेना म्हणून त्यांनी एक तान वाजवून टाकली.

बँडसकट बोलावलेले दीडशे होते, आले त्याहून अकरा जास्त. बँडवाले नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसले. ओदिलियानं डब्यात हात घातला आणि एकेक पुरचुंडी मोजत बाहेर दिली. बँडमधल्या शेवटच्या, बाराव्या माणसाच्या ताटात शेवटची पडली. ती घेणारा जाडजूड तुतारीवाला म्हणाला, "दोन्या, अजून एक?"

"तू वाजव आता," ती म्हणाली.

मांडवात नाच सुरू झाला. स्वयंपाकाच्या पडद्याआड ओदिलिया, चोले आणि उल्फ्रानो रिकाम्या डब्याभोवती उभे राहिले. वाफेबरोबर पुरचुंड्यांतून ठिबकलेला लालभडक रस्सा तळाशी बोटभर साचला होता. ओदिलियानं तो तीन पेल्यांत ओतला. चोलेनं फडक्यातून मक्याच्या भाकरी काढल्या.

उल्फ्रानोनं भाकरी बुडवली, खाल्ली, आणि डोळे पुसले. "तिखाट झालंय."

"खा मुकाट्यानं."

"कोमाद्रे," चोले तोंडात घास असतानाच म्हणाली, "माज्या खुराड्याला जाळी मारायची हाय. उद्या येतीस का?"

ओदिलियानं बूट काढले आणि पाय डब्याच्या उबेजवळ लांब केले. "परवा," ती म्हणाली. "उद्या पाय सुजत्याल."